आईसाठी खाट

जेमतेम एक किलो वजनाच्या बाळाचं सुरुवातीचं जेवण म्हणजे दर दोन तासांनी एक-दीड मिलिलिटर दूध. चहाचा चमचाही त्यानं भरत नाही. साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही. म्हणून तोंडावाटे पोटात बारीक नळी घालतात, तिला बिनसुईची सिरिंज जोडतात आणि सिस्टर ती वर धरून उभ्या राहतात. दूध हळूहळू खाली उतरतं. नवजात अतिदक्षता कक्षातल्या (एनआयसीयू) इतक्या यंत्रांमध्ये हे अगदी साधं काम. पण बाळ तगणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या सिरिंजमध्ये काय आहे यावर ठरतं.

त्यात वरचं दूध असेल तर धोका वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी कोवळी असतात. त्यांना सूज येते, काही भाग निकामी होतो आणि कधीकधी हातात वेळच उरत नाही. अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांना हा आजार बराच कमी होतो.

मुंबईत ही गोष्ट फार लवकर ओळखली ती शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयानं. अवघ्या शहराचं हे ‘सायन हॉस्पिटल’ महापालिकेचं आहे आणि धारावी त्याला लागूनच आहे. नवजात विभागाच्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी जंतुसंसर्गाशी झगडताना बाटल्या आणि वरचं दूध हटवण्यावर भर दिला आणि आयांना थेट बाळांच्या देखभालीत ओढलं. १९८९ साली तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. पुढे डॉ. फर्नांडिस रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि १९९९ साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. पैशांची, जागेची कायम ओढाताण असलेल्या रुग्णालयात ही दुग्धपेढी उभी राहिली, याचं मोल मोठं आहे.

या पेढीत दूध देणारी बाई बहुतेकदा शेजारच्याच वॉर्डातली बाळंतीण असते. स्वतःच्या बाळाचं पोट भरून दूध उरत असेल तरच ते घेतात. आधी तिची संमती, मग एचआयव्ही, कावीळ ब आणि गरमीसाठी रक्ताची तपासणी. हात धुऊन, पंपानं किंवा हातानं दूध काढायचं. जमलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात, झटकन गार करतात, त्याचा नमुना जंतूंसाठी तपासायला पाठवतात आणि अहवाल चांगला आला की उणे २० अंशांच्या फ्रीझरमधलं दूध वापरायला मोकळं होतं. ज्यांचं बाळ गेलं अशा काही आयाही दूध देतात. त्यांच्यापुढे मान आपोआप लवते.

तरीही पेढीतलं दूध दुसऱ्या नंबरचंच. तापवताना त्यातल्या जिवंत पेशी मरतात, रोगाशी लढणारी काही प्रथिनं कमी होतात. पहिला मान सख्ख्या आईच्या ताज्या दुधाचा. ते यायला हवं तर आई बाळापाशी हवी. बाळ दिसलं, त्याचा हात हातात आला की पान्हा फुटायला मदत होते, आणि दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहिलं तरच ते टिकतं. सिस्टर हे रोज सांगतात. मग त्या आईला बसायला जागा कुठे असते?

बऱ्याच ठिकाणी ती व्हरांड्यात असते. प्रसूतीनंतर तिला कागदोपत्री घरी सोडलेलं असतं, बाळ मात्र आत काचेच्या पेटीत. पोटाचे टाके ओले असलेली बाई भिंतीला टेकून चादरीवर बसते आणि नाव पुकारलं की वाटी घेऊन उठते. रात्री सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडते. हे कुणाच्या दुष्टपणानं होत नाही. इमारती बांधताना आईची खाट कुणी मोजलेलीच नसते.

ती मोजली तर काय होतं, हे आता आकड्यांनी दाखवलं आहे. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतल्या रुग्णालयांत ३,२११ बाळांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. भारतातलं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग. बाळांची वजनं एक ते पावणेदोन किलोंच्या आसपास. निम्म्या बाळांना तब्येत स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मताच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या उघड्या छातीशी ठेवलं, दिवसातले साधारण १७ तास. त्यासाठी आईच्या खाटाच नवजात कक्षात नेल्या. उरलेल्यांना प्रथेप्रमाणे आधी पेटी, मग आई. पहिल्या २८ दिवसांत दगावलेली बाळं पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या सूचनाही त्याप्रमाणे बदलल्या. मुळात १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी छातीशी ठेवण्याची ही पद्धत सुरू केली ती पेट्या पुरत नव्हत्या म्हणून.

म्हणजे औषध ठाऊक आहे आणि ते महागही नाही. व्हेंटिलेटर आला की फीत कापली जाते, बातमी छापून येते. मागे कलणाऱ्या दहा खुर्च्या, आयांसाठी न्हाणीघर, त्यांना शिकवायला एक जास्तीची सिस्टर, यांच्यासाठी कुणी नारळ फोडत नाही. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात या गोष्टी व्हेंटिलेटरच्या शेजारच्या ओळीत यायला हव्यात.

ताटाचंही तेच. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला मोफत जेवण मिळतं, साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस, सिझेरियननंतर सात दिवस. आजारी बाळाचे मोफत उपचार आधी ३० दिवसांपर्यंत होते, नंतर ते वर्षापर्यंत वाढवले. एक किलोचं बाळ घरी जाण्याइतकं व्हायला महिना-दीड महिना सहज लागतो. त्यातल्या आठव्या दिवसापासून त्या बाळाला दूध पुरवणाऱ्या बाईनं जेवायचं काय? काही रुग्णालयं आपल्या पातळीवर सोय करतात, कुठे संस्था डबे देतात. पण हे ताट आईच्या डिस्चार्जच्या तारखेला नव्हे, बाळाच्या डिस्चार्जच्या तारखेला बांधलं पाहिजे, आणि ते योजनेच्या नियमातच लिहिलं पाहिजे.