साइट भलतीच उघडते? फोन रीसेट करू नका, आधी वायफाय बंद करून बघा

गेल्या जुलैमधली गोष्ट. दुपारी साडेतीनच्या सुमारास ओतूरजवळच्या गावातून मामेबहिणीचा फोन आला. "दादा, सीईटी सेलची साइट उघडली की वायफायच्या रिचार्जचं पान येतंय." इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता आणि मुदत पाच वाजेपर्यंतची. मामांनी वायफायचे पैसे दोन दिवसांपूर्वीच भरले होते. तरी पान सांगत होतं, तुमचा प्लॅन संपला आहे, रिन्यू करा.

मामांनी सकाळीच त्या पानावर विश्वास ठेवून दुसऱ्यांदा पैसे भरले होते. पान काही गेलं नाही. मग शेजारच्या एका हुशार पोराने सल्ला दिला, "फोनमध्ये व्हायरस आहे, फॉरमॅट मारा." फोन रीसेट झाला, वर्षभराच्या नोट्सचे फोटो गेले, पान मात्र तिथेच. कस्टमर केअरचं उत्तर होतं, "सर, तुमची लाइन आमच्याकडून अप दिसतेय."

मी तिला एवढंच सांगितलं, वायफाय बंद कर आणि मोबाइल डेटा चालू कर. साइट उघडली. चार वाजून वीस मिनिटांनी फॉर्म गेला.

जुन्नर-आंबेगाव भागात आता गावोगावी फायबर आलंय. सातबारा, महाडीबीटीचे अर्ज, प्रवेश, बँक, सगळं त्या एका पातळ वायरवर चालतं. ती वायर तुटली तर निदान कळतं तरी. ती चालू असून भलतीकडे नेते, तेव्हा आपल्याकडचा माणूस आधी स्वतःला दोष देतो, मग फोनला, मग सरकारी साइटला. नेट देणाऱ्या कंपनीपर्यंत संशय पोहोचतच नाही, आणि माझ्या मते कंपन्यांनीही तो पोहोचू नये अशीच सगळी रचना करून ठेवली आहे.

पत्ता सांगणारा चुकला तर

नारायणगावच्या एसटी स्टँडवर उतरून तुम्ही खोडदचा रस्ता विचारला आणि कुणी तुम्हाला जुन्नरच्या गाडीत बसवलं, तर दोष गाडीचा नाही, रस्त्याचा नाही आणि खोडदचाही नाही. इंटरनेटवर पत्ता सांगायचं हे काम डीएनएस नावाची यंत्रणा करते. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्रांना लागतो आकड्यांचा आयपी पत्ता. नावावरून आकडा शोधून देणारी ही पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, आणि आजही प्रत्येक क्लिकआधी फोन हाच प्रश्न विचारतो: या नावाचा पत्ता काय?

प्रश्न कुणाला विचारायचा, हे तुम्ही कधी ठरवलेलं नसतं. वायफायला जोडल्याबरोबर राउटर फोनला सांगतो की पत्ते अमुक सर्व्हरला विचार, आणि तो सर्व्हर बहुतेक वेळा नेट कंपनीचाच असतो. तो बंद पडला तर साइट उघडत नाहीत. त्याने जुना किंवा चुकीचा पत्ता दिला, तर भलतीच साइट उघडते.

रिचार्जच्या पानाचं गणितही यातच आहे. प्लॅन संपला की काही कंपन्यांचा सर्व्हर कुठल्याही नावाला एकच उत्तर देऊ लागतो: आमच्या रिचार्ज पानाचा पत्ता. सातबारा विचारा, बँक विचारा, उत्तर तेच. पैसे भरल्यावर हे थांबायला हवं. पण बिलिंगची नोंद एका ठिकाणी असते आणि पत्त्याची सोय दुसऱ्या ठिकाणी. मधली कडी अडकली, तर पैसे भरलेला ग्राहकही थकबाकीदारांच्या रांगेत राहतो. त्यात मिळालेली उत्तरं सर्व्हर, राउटर आणि फोन तिघेही काही वेळ जपून ठेवतात. किती वेळ, हे उत्तरासोबतच सांगितलेलं असतं. अनेकदा ते काही मिनिटांचं असतं, पण सगळे सर्व्हर ती मुदत पाळतात असं नाही.

आता राउटरचे दिवे आठवा. फायबर तुटली की त्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागतो. गावातला केबलवाला शिडी घेऊन येतो, पॉवर मोजतो, जोड मारतो. त्याला शिकवलेलं काम एवढंच आणि ते तो चोख करतो. पत्त्याचा घोळ झाला की मात्र सगळे दिवे हिरवे असतात, पॉवर बरोबर येते, आधीच जोडलेलं असल्याने व्हॉट्सअॅपही बऱ्याचदा चालू राहतं. कस्टमर केअरच्या स्क्रीनवरही हिरवंच दिसतं. तक्रारीच्या यादीत 'नेट बंद', 'नेट स्लो' आणि 'बिल' असतं. 'भलतीच साइट उघडते' अशी ओळ मला आजवर एकाही मेन्यूत सापडलेली नाही.

ती लाल सूचना

मामेबहिणीने बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली, आणि खरी भीती मला तिची वाटली. रिचार्जचं पान येण्याआधी क्रोमने 'तुमचे कनेक्शन खासगी नाही' अशी सूचना दिली होती. तिने 'अॅडव्हान्स्ड' दाबलं, मग 'तरीही पुढे जा' दाबलं. "दादा, दरवेळी तेच तर करतो आम्ही."

त्या सूचनेचा अर्थ समजून घ्या. प्रत्येक सुरक्षित साइटकडे स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र असतं. पत्ता चुकून तुम्ही दुसऱ्याच सर्व्हरच्या दारात गेलात, तर तो सर्व्हर सीईटी सेलचं प्रमाणपत्र दाखवू शकत नाही. ब्राउझरला नाव जुळत नाही आणि तो तुम्हाला अडवतो. पेमेंटची बहुतेक अॅप्स अशा वेळी सरळ नकार देतात. ब्राउझर मात्र तुम्हाला विचारतो, आणि आपण दार ढकलतो.

त्या दिवशी दारापलीकडे नेट कंपनीचं पान होतं, म्हणून निभावलं. तिथे बँकेसारखं दिसणारं पान असतं तर तिने पासवर्ड टाकला असता. ही कल्पनेतली भीती नाही. 'डीएनएस चेंजर' नावाच्या मालवेअरने जगभरातल्या सुमारे ४० लाख संगणकांचं पत्ता विचारण्याचं ठिकाण गुपचूप बदललं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली गेली. तिचे सर्व्हर लगेच बंद केले असते, तर बाधित संगणकांचं इंटरनेटच थांबलं असतं. म्हणून अमेरिकेत न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी बसवलेले सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

सूचनेखालचा बारीक इंग्रजी कोडही वाचा. त्यात 'डेट इनव्हॅलिड' असेल तर आधी फोनची तारीख बघा, नाहीतर साइटचं प्रमाणपत्र संपलेलं असू शकतं. सरकारी साइटवर तेही घडतं. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' असेल तर तुम्ही दुसऱ्याच दारात असण्याची शक्यता मोठी आहे. तिथून मागे फिरा.

दोष कुणाचा, हे पाच मिनिटांत

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या सिमवर. तिथेही बिघडलेली असेल तर दोष बहुधा साइटचा. शेवटच्या दिवशी सरकारी सर्व्हर धापा टाकतो हे नवीन नाही, पण तेव्हा चाक फिरत राहतं किंवा '५०३' दिसतं, दुसऱ्याचं पान येत नाही. डेटावर नीट आणि वायफायवर बिघडलेली असेल, तर घरातला दुसरा फोन त्याच वायफायवर बघा. एकाच फोनवर घोळ असेल तर फोन बघायचा. सगळ्यांवर असेल तर राउटर किंवा कंपनी. मग त्याच कंपनीचं नेट असलेल्या शेजाऱ्याला विचारा. त्याच्याकडेही तेच असेल तर फोनला हात लावण्याचं कारणच उरत नाही.

दोष फक्त तुमच्या घरात असेल तर राउटर दोन मिनिटं बंद ठेवून चालू करा. तरीही राहिला तर त्याची सेटिंग बघावी लागते. बऱ्याच राउटरची सेटिंग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकल्यावर उघडते. तिथे डीएनएसच्या रकान्यात अनोळखी आकडा असेल तर केबलवाल्याला विचारा, हा तुम्ही टाकलाय का? आणि पासवर्ड अजून 'अॅडमिन-अॅडमिन' असेल तर आजच बदला. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या कर्नाटकातल्या हजारो मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला, तो बदललेला नसलेल्या अशाच पासवर्डमुळे.

दोष कंपनीच्या सर्व्हरचा असेल तर पत्ता दुसऱ्याला विचारता येतो. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. तिथे 'डीएनएस डॉट गूगल' हे इंग्रजी अक्षरांत, मधल्या 'डॉट'च्या जागी टिंब देऊन टाकायचं. फोनचा प्रश्न मग बंद पाकिटातून जातो आणि वाटेत नेट कंपनीला उत्तर बदलता येत नाही. राउटरमध्ये बदलायचं तर गूगलचा ८.८.८.८ (२००९ पासून) किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ (२०१८ पासून) टाकता येतो. मात्र तो प्रश्न उघड्या पोस्टकार्डासारखा जातो आणि काही कंपन्या तो मध्येच अडवून स्वतःचंच उत्तर देतात. राउटरमधल्या बदलाने फरक पडला नाही आणि फोनमधल्या प्रायव्हेट डीएनएसने पडला, तर काय चाललंय हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही.

याचीही किंमत आहे. तुम्ही कोणत्या साइट उघडता, हे मग गावच्या कंपनीऐवजी अमेरिकेतल्या कंपनीला कळतं. हॉटेलातल्या किंवा रेल्वे स्टेशनवरच्या वायफायचं लॉगिन पानही अडतं, तेवढ्यापुरतं ते बंद करावं लागतं. आणि प्ले स्टोअरवरची 'डीएनएस चेंजर', 'फ्री व्हीपीएन' छाप फुकट अॅप्स यासाठी घेऊ नका. अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देण्यासारखं आहे ते.

एवढं करूनही भलतीकडेच जात असेल, तर घोळ पत्त्यात नाही, रस्त्यात आहे. कोणता पत्ता कुणाकडे आहे, हे नेट कंपन्या एकमेकींना बीजीपी नावाच्या पद्धतीने सांगत असतात आणि त्यातही चुका होतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये एअरटेलच्या नेटवर्कने इतरांचे हजारो पत्त्यांचे गट स्वतःचे म्हणून जाहीर केले. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कने तसेच ३० हजारांहून अधिक गट काही मिनिटांसाठी जाहीर केले आणि जगभरातली रहदारी त्या दिशेने वळली. इथे ग्राहक काहीच करू शकत नाही, मोबाइल डेटावर जाऊन वाट बघण्याशिवाय.

कंपन्यांनी काय करायला हवं

माझा मुख्य आक्षेप रिचार्ज पानाच्या युक्तीवर आहे. ग्राहकाचा प्लॅन संपला तर एसएमएस पाठवा, अॅपमध्ये दाखवा, लाइन बंद करा. पण त्याने बँकेचा पत्ता विचारल्यावर स्वतःचा पत्ता सांगणं ही थाप आहे, आणि ती रोज ऐकून लोकांना लाल सूचना ढकलून पुढे जायची सवय लागते. एकीकडे सायबर फसवणुकीपासून सावध राहा म्हणून कॉलर ट्यून वाजवली आणि दुसरीकडे हे.

दुसरं, 'चुकीची साइट उघडते' ही तक्रार स्वतंत्र नोंदवता आली पाहिजे. ट्रायचे सेवा गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात पॅकेट किती गळतात, उत्तर यायला किती वेळ लागतो, दुरुस्ती किती दिवसांत होते, हे मोजलं जातं. पत्ता बरोबर मिळाला की नाही, हेही त्याच काटेकोरपणे मोजून जाहीर करावं. पत्ताच चुकत असेल तर शंभर एमबीपीएसचा वेग घेऊन जायचं कुठे?

कंपन्यांची बाजू मला माहीत आहे. तालुक्यातलं नेट मोठी कंपनी, मग उपकंपनी, मग फ्रँचायझी अशा साखळीतून येतं आणि सर्व्हर खालच्या माणसाच्या हातात नसतो. खरं आहे. पण पैसे घेताना ही साखळी कुणी सांगत नाही. आणि हा परिसर नेटच्या जगात नवखा नाही. नारायणगावजवळच्या आर्वीत १९७१ मध्ये देशाला जगाशी जोडणारं विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. ते पुढे ज्या व्हीएसएनएलकडे आलं, त्याच कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं. त्याच जुन्नर तालुक्यातल्या ग्राहकाला 'लाइन अप आहे' एवढ्यावर परत पाठवणं चालणार नाही.

तोवर एक करा. चुकीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात वरची साइटच्या नावाची पट्टी आणि वेळ दिसू द्या. मग मोबाइल डेटावर उघडलेल्या त्याच साइटचा दुसरा स्क्रीनशॉट. दोन्ही जोडून कंपनीकडे तक्रार करा आणि डॉकेट नंबर मागून घ्या, त्याशिवाय फोन ठेवू नका. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार करता येते. भलत्या पानावर ओटीपी किंवा पासवर्ड टाकून पैसे गेले असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १९३०.

मामांनी दुसऱ्यांदा भरलेले पैसे चार फोन आणि एका डॉकेट नंबरनंतर पुढच्या महिन्यांत वळते झाले. नोट्सच्या फोटोंचा बॅकअप नव्हता. ते गेले ते गेलेच.