हार्ड डिस्कची चाचणी : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

तारापूर औद्योगिक वसाहतीतील औषधांच्या कारखान्यांत, बोईसरच्या करसल्लागारांच्या कार्यालयांत किंवा पालघरच्या फोटो स्टुडिओंत संगणक अडखळू लागला, एकेक फाइल उघडायला मिनिटे लागू लागली, की तपासणीचे सॉफ्टवेअर चालवले जाते आणि पडद्यावर ‘गुड’ किंवा ‘पास’ उमटले की सारे निर्धास्त होतात. हा शेरा म्हणजे हार्ड डिस्क धडधाकट असल्याचा दाखला, असा एक पूर्वपक्ष आहे. अशा चाचण्यांत काही अर्थ नाही, डिस्क जायची तेव्हा जातेच, असा दुसरा. हे दोन्ही पक्ष टिकणारे नाहीत, आणि दोन्हींपायी वर्षानुवर्षांचे हिशेब व नोंदी हकनाक गमावल्या जातात.

पहिल्या पक्षाचा पायाच कच्चा आहे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि बहुतेक सॉफ्टवेअर तीच वाचून दाखवतात. त्यातील ‘पास’ या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की उत्पादकाने ठरवलेली धोक्याची मर्यादा अद्याप ओलांडली गेलेली नाही. आणि ही मर्यादा इतकी सैल असते की शेकडो सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे लहान लहान कप्पे, निकामी होऊनही शेरा बदलत नाही, असे घडू शकते. गूगलच्या संशोधकांनी 2007 साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार सर्वांत बोलक्या खुणांपैकी एकही आधी दाखवलेली नव्हती.

याच आकड्याचा आधार घेऊन दुसरा पक्ष चाचणी निरर्थक ठरवतो. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तो नजरेआड करतो. तपासणीत पहिली वाचनत्रुटी आढळल्यानंतर 60 दिवसांच्या आत डिस्क बंद पडण्याची शक्यता, तशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या तुलनेत, 39 पट आढळली होती. म्हणजे चाचणीच्या अनुकूल निकालावर विसंबता येत नाही, प्रतिकूल निकालावर मात्र विसंबलेच पाहिजे. हा भेद ज्याला कळला त्याला चाचणीचा खरा उपयोग कळला.

तिसरे मत सर्वांत घातक आहे, कारण ते उपचाराच्या वेषात येते : ‘फॉरमॅट मारला की बॅड सेक्टर निघून जातात.’ वाचता न आलेला सेक्टर डिस्क ‘प्रलंबित’ म्हणून नोंदवते आणि त्या जागी पुन्हा काही लिहिले गेले, की एक तर तो मोकळा करते किंवा त्याच्याऐवजी राखीव साठ्यातील सेक्टर वापरात आणते. त्यामुळे पूर्ण फॉरमॅटनंतर प्रलंबितांचा आकडा शून्य दिसतो, पण खराबीचे कारण जिथल्या तिथे राहते आणि मूळ माहिती कायमची पुसली जाते. विंडोजमधील चेकडिस्कही फाइलींची मांडणी दुरुस्त करते, डिस्क नव्हे. दुखऱ्या डिस्कवर ती दुरुस्तीच्या पर्यायासह चालवणे म्हणजे तिच्यावर आणखी लेखन लादणे होय.

म्हणून क्रम उलटा हवा : आधी प्रत, मग परीक्षा. संपूर्ण पृष्ठभाग वाचणारी दीर्घ चाचणी काही तास चालते, आणि ज्या डिस्ककडे मोजकेच तास उरले असतील तिचे ते तास प्रत काढण्यासाठी खर्ची पडले पाहिजेत. डीडीरेस्क्यूसारखे साधन याच विचाराने बांधलेले आहे; ते सुखाने वाचता येणारा भाग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवते आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळते. प्रत हाती आल्यावर शेऱ्याकडे न पाहता आकडे वाचावेत. स्मार्टची नोंद दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 05 ही ओळ बदललेल्या सेक्टरांची, सी5 प्रलंबितांची आणि सी6 दुरुस्त न होणाऱ्यांची असते. तेथे कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीने दाखवले जातात, त्यामुळे 10 दिसले तर ते सोळा समजावेत. यांपैकी एखादा आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, तर ‘पास’ असो वा नसो, त्या डिस्कवर कामाची एकही फाइल ठेवू नये.

बोईसर-तारापूर पट्ट्यात सी7 या ओळीकडेही तितकेच लक्ष हवे. ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील देवाणघेवाणीतील चुका मोजते, आणि त्या चुका बहुधा सैल किंवा गंजलेल्या जोडणीमुळे होतात. नऊ डेटा सेंटरांतील दहा लाखांहून अधिक डिस्कांवरील, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमट हवेने डिस्क बिघडतात त्या मुख्यतः नियंत्रक आणि जोडणीच्या दोषांमुळे, असे दिसून आले. मग समुद्राचा खारा वारा, चार महिन्यांचा पावसाळा आणि रासायनिक कारखान्यांची हवा एकत्र येते तेथे हा दोष आधी तपासणे क्रमप्राप्तच आहे. केबल बदलल्यावर सी7चा आकडा शून्यावर येत नाही, कारण तो आजवरची बेरीज असतो. तो आहे तेथेच थांबला तर दोष जोडणीत होता असे धरता येते, आणि चांगली डिस्क भंगारात जाण्यापासून वाचते.