चालू संगणकाचं निर्लेखन

२०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा या स्तंभात लिहिलं होतं की पहिली कुऱ्हाड बँकांवर किंवा कंपन्यांवर नाही, शाळांच्या संगणक कक्षांवर पडेल. ‘उगाच घाबरवू नका’ असं तेव्हा काही वाचकांनी कळवलं होतं. या आठवड्यात सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेचा निर्लेखन प्रस्ताव, म्हणजे जुनी वस्तू नोंदवहीतून कायमची काढून टाकण्याचा प्रस्ताव, माझ्या पाहण्यात आला. माझं म्हणणं खरं ठरलं, पण त्याचा आनंद मला अजिबात झाला नाही.

प्रस्तावात संगणक कक्षातले सगळेच संगणक आहेत. जडसंग्रह नोंदवहीतला क्रमांक, खरेदीचं वर्ष, मूळ किंमत आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकापुढे एकच शेरा: ‘विंडोज ११ चालत नाही, सबब निरुपयोगी.’ यातला एकही संगणक बंद नाही. मी शाळेत गेले तेव्हा नववीची मुलं त्यांच्यावरच बसली होती. मुख्याध्यापकांना मी दोष देणार नाही. पुरवठादाराचा माणूस ‘सर, आता यांचं काही होणार नाही’ असं सांगून कोटेशन ठेवून गेला. दुसरी बाजू सांगायला कुणी आलंच नाही.

विंडोज आणि लिनक्स यांची तुलना निघाली की दिसणं, वेग, व्हायरस, फुकट की विकत यावर वाद रंगतात. त्या वादात मला फारसा रस नाही. मला त्यातली एकच गोष्ट निर्णायक वाटते. जुन्या यंत्राला दार कोण बंद करतं, कधी करतं, आणि बंद झाल्यावर ज्याने पैसे मोजले त्याच्या हातात काय उरतं?

आधी विंडोज पाहू. विंडोज १० आलं २०१५ च्या जुलैत, सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. दहा वर्षं हा काळ कमी नाही. अडचण पुढच्या पायरीची आहे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आजही ठणठणीत असलेला संगणक अधिकृतपणे दाराबाहेर. टीपीएममागचं कारण खोटं नाही. किल्ल्या आणि पासवर्ड सुरक्षित ठेवायला त्याचा खरोखर उपयोग होतो. पण ‘मला ही सोय नको, बाकीचं चालू द्या’ असं म्हणायची मुभा अधिकृतपणे नाही. पैसे भरून सुरक्षेचे अपडेट्स वाढवून घेता येतात. शिक्षणसंस्थांना तर ते पहिल्या वर्षी एका संगणकामागे एक डॉलर, मग दोन, मग चार इतके स्वस्त आहेत. पण ही सवलत घाऊक परवाना करार असलेल्या संस्थांसाठी आहे. बाजारातून सुटे संगणक घेणाऱ्या गावच्या शाळेकडे असा करार कुठून येणार? आणि करार असला तरी तीन वर्षांनी पुन्हा तेच दार.

आता डेबियन पाहू. उबुंटू ज्याच्यावर उभं आहे, आणि म्हणून उबुंटूवर उभं असलेलं लिनक्स मिंटही, ते हे डेबियन. लिनक्स जुन्या यंत्रांना कायम सांभाळतं असं सांगणारे उत्साही लोक भेटतात. ते खरं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिटच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. खुद्द लिनक्सच्या गाभ्यातून ३८६ चिपचा आधार २०१२ च्या डिसेंबरात काढला गेला, आणि लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स लिहिलं होतं ते ३८६ वरच. दार इथेही बंद होतं. पण डेबियनच्या दाराबाहेर राहिले ते साधारण वीस वर्षांपूर्वीचे संगणक, विंडोज ११ च्या दाराबाहेर राहिले ते आठ-नऊ वर्षांपूर्वीचे.

वर्षांपेक्षाही दार बंद करण्याची रीत मला महत्त्वाची वाटते. ३२-बिट सांभाळायला पुरेशी माणसं उरली नाहीत, म्हणून डेबियनने ते सोडलं. ती चर्चा उघड्यावर झाली. सगळा सोर्स कोड तिथेच पडून आहे. उद्या एखाद्या विद्यापीठाने किंवा सरकारने तो आधार आपल्यापुरता चालू ठेवायचा ठरवला, तर त्यांना कुणाचीही परवानगी काढावी लागणार नाही. विंडोज १० च्या बाबतीत हे कितीही पैसे आणि कितीही हुशार अभियंते असले तरी शक्य नाही. पागडीच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रक्कम मोजलेली असते, संसार आपला असतो, पण भिंत पाडायची की राखायची हे मालक ठरवतो.

साताऱ्याकडच्या त्या शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी प्रस्तावातल्या एका संगणकावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. आतल्या हार्डडिस्कला हातही न लावता प्रणाली सुरू झाली. इंटरनेट लागलं, आवाज आला. कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडलं आणि नववीतल्या एका मुलीला रजेचा अर्ज लिहायला सांगितला. ‘साताऱ्याला’ मधला ‘ऱ्या’ नीट उमटतो का, हे मी मुद्दाम वाकून पाहिलं. उमटला. यू-डायस या सरकारी नोंदणीसाठी शाळेची माहिती ब्राउझरमधूनच भरायची असते, त्यामुळे कार्यालयाचं तेही काम अडलं नाही. त्या संगणकातली खरी म्हातारी झालेली वस्तू म्हणजे फिरणारी हार्डडिस्क. ती काढून एसएसडी लावली की तो नव्यासारखा पळतो, आणि कोटेशनमधल्या एका नव्या संगणकाच्या पैशात अशा कितीतरी एसएसडी येतात.

अडलं ते प्रिंटरवर. आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत दिसणारा जुना छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवायला घाम फुटतो, कारण त्याचा ड्रायव्हर बनवणाऱ्याने लिनक्सची नीट काळजीच घेतलेली नाही. टॅलीचं आणि कोरलड्रॉचंही तसंच. ज्यांचं पोट त्यांच्यावर आहे त्यांनी विंडोजच वापरावं, हे मी आधीही लिहिलं आहे आणि आजही तेच म्हणेन. शाळेच्या कार्यालयात प्रिंटर आणि हिशेबासाठी एक विंडोज ११ चा संगणक घ्यावा. पण मुलांच्या कक्षात टॅली कुठे आहे? आणि जुनं विंडोज अपडेटशिवाय इंटरनेटवर तसंच चालू ठेवा, असंही मी कधीच म्हणणार नाही. तो धोका खरा आहे.

‘लिनक्सवर मराठीचं काय?’ हा प्रश्न या वेळीही आलाच, आणि त्यावर मी पुन्हा बोलणार. असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा डोंगल लावल्याशिवाय न उघडणारे, युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट असतात. त्या फॉन्टमधला मजकूर फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडला की गिचमीड दिसते. मराठीची वीस-पंचवीस वर्षं त्या फॉन्टांनी खाल्ली, असं माझं ठाम मत आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षं मराठी दाखवणारे लोहित फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅटने २००४ साली खुल्या परवान्याखाली सगळ्यांसाठी मोकळे केले. मराठी लिनक्सवर उपरी नाही.

केरळकडे पाहिलं की मला आपल्या राज्याचं जास्त वाईट वाटतं. २००१ साली तिथे ‘आयटी अॅट स्कूल’ सुरू झालं, त्याच वर्षी इथे एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम. एमएस-सीआयटीने लाखो लोकांच्या हातात पहिल्यांदा माऊस दिला, हे मोठंच काम. पण संगणक म्हणजे विंडोज, हेही त्याच वर्गात मनात रुजलं. केरळने हळूहळू शाळा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या, शिक्षकांना शिकवलं, दहावीची माहिती-तंत्रज्ञानाची परीक्षाही त्यावरच घेतली. तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०१९ साली सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं होतं. मला पैशांपेक्षा तिथल्या शिक्षकांचं मोल वाटतं. प्रणाली बिघडली तर ती पुन्हा बसवणारा माणूस शाळेतच असतो.

यावर जर्मनीतल्या म्युनिकचं उदाहरण हमखास तोंडावर फेकलं जातं. त्या शहराने २००३ साली लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक हलवले आणि २०१७ साली विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. मला विचाराल तर तिथे लिनक्स हरलं नाही. महापौर बदलले आणि वारं फिरलं. त्याच जर्मनीतलं श्लेसविग-होल्स्टाइन राज्य आज ३०,००० सरकारी संगणक मुक्त सॉफ्टवेअरकडे नेत आहे.

शिक्षण विभागाकडे माझी मागणी साधी आहे. कुठल्याही शाळेचा संगणक निर्लेखित करण्याआधी तो एखाद्या मुक्त प्रणालीवर चालवून पाहिल्याचा दाखला सक्तीचा करा. एक पेनड्राइव्ह आणि अर्धा तास, एवढाच खर्च. ‘कॅनालिस’ या संस्थेच्या अंदाजानुसार जगभरात २४ कोटी संगणक विंडोज १० चा सपोर्ट संपल्यामुळे भंगारात जाऊ शकतात. त्यातले आपल्या जिल्ह्यांतले तरी आपण वाचवू शकतो.

शिवाय त्या पेनड्राइव्हवर आणखी एक हक्क येतो, जो कुठल्याही कोटेशनमध्ये मिळत नाही. शाळेत जी प्रणाली मूल शिकतं, तीच कॉपी करून ते घरच्या जुन्या संगणकावर बसवू शकतं, शेजारच्या मैत्रिणीला देऊ शकतं, उघडून आत काय आहे ते वाचू शकतं, आणि यातलं काहीही चोरी नसतं. पायरेटेड सीडींवर वाढलेल्या माझ्या पिढीला हे मिळालं नाही. नववीच्या मुलांना ते मिळायला हवं.