शरीरातली दवंडी

आमच्या बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा आहे. एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानाने तो 1757 साली पुरा केला. तट असे भक्कम की पाहणाऱ्याने म्हणावे, शत्रूची काय बिशाद! पण वाचकहो, नुसत्या तटाने किल्ला राखला जात नाही. शत्रू कोणत्या बाजूने आला ही बातमी आतल्या शिपायांना वेळेवर कळावी लागते. शरीराचेही तसेच आहे. कातडी हा तट, रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे शिपाई, आणि त्यांच्यात बातमी फिरवणारी बारीक प्रथिने म्हणजे सायटोकाइन.

गावात कोतवालाने दवंडी पिटली की कोणी शेताकडे धावतो, कोणी घागर घेऊन नळाकडे. दवंडी एकच, ज्याचे जसे काम तशी त्याची धावपळ. सायटोकाइनची हाकही ज्या पेशीला तिचा 'कान' आहे तीच ऐकते, आणि आपापल्या परीने वागते. 1957 साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना सापडलेले इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सांगते, "विषाणू आला, कडी लावा!" दुसरे एक शिपायांना रक्तातून जखमेकडे बोलावते. इंटरल्यूकिन-6 आणि त्याचे सोबती मेंदूपर्यंत निरोप पोचवतात, आणि अंग तापते. इंटरल्यूकिन-10 म्हणते, "पुरे आता, शांत व्हा."

ही हाक पेशीचा जन्माचा धंदाही बदलू शकते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली हे माणसाच्या पेशींत दाखवले. ज्या कोवळ्या पेशी पुढे हाड झिजवणाऱ्या व्हायच्या, त्यांना इंटरल्यूकिन-3 दिले. त्या वाट बदलून डेंड्रिटिक पेशी झाल्या, म्हणजे शत्रूचा नमुना शिपायांना दाखवणाऱ्या पहारेकरी!

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू स्टेरॉइडच्या गोळ्यांची जुनी पट्टी घेऊन माझ्याकडे आल्या. नातू तापाने फणफणला होता. म्हणाल्या, "मास्तर, ह्याच गोळ्यायनं तुमच्या काकाचा जीव वाचला न? मंग नातवाले काहून नाही द्याच्या?"

प्रश्न रास्त होता. 2021 च्या लाटेत काकांना प्राणवायू लावावा लागला होता. अशा वेळी दवंडी थांबतच नाही आणि चवताळलेले शिपाई आपल्याच फुप्फुसांवर तुटून पडतात. स्टेरॉइड ती दवंडी दाबते. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत 2020 साली दिसले की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना काही लाभ झाला नाही. नातवाचा ताप तर पहिल्या दिवसाचा. शिपाई अजून गोळा व्हायचे होते. तेव्हाच दवंडी दाबली तर शत्रूला वेशी मोकळ्या. 2021 मध्येच महाराष्ट्राने काळी बुरशी पाहिली. तिच्यामागे वाढलेल्या साखरेबरोबर स्टेरॉइडचा अवाजवी वापरही होता. मी काकूंना मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितले.

दिवाळीच्या साफसफाईत औषधांचा डबा राहून गेला असेल, तर तो आजच उघडून पाहा. दवंडी कधी दाबायची हे डॉक्टरने ठरवायचे, डब्याने नव्हे!