ग्रंथालयाचा कारभार शिकवायला हवा



काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. ती परंपरा शतक ओलांडून पुढे आली, याचे श्रेय आपण लेखकांना, चित्रकारांना, संपादकांना देतो. ग्रंथालयांना ते क्वचितच मिळते. दिवाळीच्या दिवसांत गावोगावच्या वाचनालयांत दिवाळी अंक योजना सुरू होते. सभासद एकदा वर्गणी भरतो आणि पुढचे काही महिने एकामागून एक अंक घरी नेतो. आमचा हा अंकही अनेकांच्या हाती असाच पडणार आहे. म्हणून यंदाचे हे पान आम्ही ग्रंथालय चालवणाऱ्या माणसांसाठी राखले आहे.

ही साधी वाटणारी योजना चालवायची तर बरेच काही जमावे लागते. कोणते अंक घ्यायचे, कुणाच्या किती प्रती मागवायच्या, वर्गणी किती ठेवली म्हणजे खर्च भागेल आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वाचकालाही ती परवडेल, मागणी असलेला अंक एकाच घरी अडकून पडू नये म्हणून काय करायचे? याची उत्तरे वर्गीकरण किंवा तालिकीकरणाच्या तासाला मिळत नाहीत. ती व्यवस्थापनाच्या अभ्यासातून मिळतात. आमचे म्हणणे एवढेच, की हा अभ्यास पदव्युत्तर पातळीवर गांभीर्याने व्हावा आणि तो वर्गात बसून नव्हे, तर रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ग्रंथालयांत प्रत्यक्ष काम करून व्हावा.

हे रत्नागिरीने बोलण्याला अर्थ आहे. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ची. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०चे, म्हणजे दोन्ही रत्नागिरीच्या मागाहूनची. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली सुरू झाले. पुढे १९४५ साली रत्नागिरी शहरात आजचे गोगटे जोगळेकर महाविद्यालय आले, १९७२ साली दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ उभे राहिले, मालगुंडला केशवसुतांचे स्मारक झाले. सार्वजनिक, शैक्षणिक, संशोधनविषयक, स्मारकाशी जोडलेले, असे ग्रंथालयांचे बहुतेक प्रकार या एका जिल्ह्यात सापडतात. शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा कुठली?

या ग्रंथालयांचा संसार कसा चालतो, तेही पाहिले पाहिजे. मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने १९४० साली मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या ग्रंथालयापर्यंतची साखळी सुचवली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली आला. काही राज्यांनी ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर बसवला, महाराष्ट्राने तो बसवला नाही. आपल्याकडे ग्रंथालये लोकांनी काढलेल्या संस्था चालवतात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान देते. या व्यवस्थेने वाचनालये खेड्यापाड्यांत नेली, हे तिचे मोठे काम. पण तिने ग्रंथपालाच्या खांद्यावर केवढे ओझे ठेवले आहे, याचा विचार कुणी केला नाही. दाखलनोंद, देवघेव, वर्गणीची वसुली, साठापडताळणी, जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन, कार्यकारी मंडळाचे इतिवृत्त, लेखापरीक्षणाची तयारी, अनुदानाचा प्रस्ताव आणि पावसाळ्यापूर्वीची कौलांची डागडुजी, हे सगळे लहान ग्रंथालयात एक-दोन माणसे करतात.

ग्रंथालयाच्या कामाचे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणले आणि १९११ साली तिथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. बडोद्याहून १९१२ साली निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. १९२३ साली अमेरिकेत चार्ल्स विल्यमसन यांनी ग्रंथालय-शिक्षणावर अहवाल लिहिला. ग्रंथालयातले कारकुनी काम आणि व्यावसायिक काम वेगळे करा आणि दुसऱ्याचे शिक्षण विद्यापीठात द्या, असे त्यात बजावले होते. गणिताचे प्राध्यापक एस. आर. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, १९२४ साली लंडनला जाऊन हे शास्त्र शिकले आणि परतल्यावर त्यांनी मद्रासमध्ये प्रशिक्षण उभे केले. ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीचा त्यांचा ग्रंथ १९३१चा, आणि पाठोपाठ १९३५ साली त्यांनी ग्रंथालय प्रशासनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सूत्रे सांगून भागत नाही, कारभारही शिकवावा लागतो, हे त्यांना नेमके कळले होते.

आज मुंबई, पुणे, नागपूर विद्यापीठांत आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेता येते. अभ्यासक्रमात नियोजन, मनुष्यबळ, अंदाजपत्रक यांचे घटक आहेत. पण व्याख्या पाठ करून पेपर लिहिणे आणि तुटपुंज्या अंदाजपत्रकात वर्ष काढणे यांत फार अंतर आहे. शिवाय महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला नेट किंवा सेटची पात्रता लागते आणि त्याला अध्यापकांच्या तोडीची वेतनश्रेणी मिळते. सार्वजनिक ग्रंथालयातल्या माणसाला ती वाट मोकळी नाही. हुशार विद्यार्थी मग साहजिकच महाविद्यालयाकडे वळतो. विल्यमसन यांनी जी दोन कामे वेगळी करायला सांगितली, ती आपल्या वाचनालयांत अजून एकाच माणसाच्या, एकाच अपुऱ्या पगारात कोंबलेली आहेत.

प्रशिक्षित व्यवस्थापक असला तर काय फरक पडतो, याचे उत्तर चिपळूणकडे आहे. २००५च्या जुलैत आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी शहरात पाणी शिरले आणि वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेची हानी झाली. तिथल्या कार्यकर्त्यांची जिद्द अशी, की या दोन पुरांच्या मधल्या काळात, २०१३ साली, ८६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्यांनी चिपळूणला भरवले. जिद्दीला तोटा नाही, मात्र तिला शास्त्राची जोड हवी. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात पुस्तके गोठवली, तर नंतर ती सावकाश सुकवता येतात. १९६६ साली इटलीतल्या फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पुराचा चिखल शिरला, तेव्हापासून जगभरच्या ग्रंथालयांनी आपत्तीचा आराखडा हा कामाचाच भाग मानला. आपला जिल्हा मिरकरवाडा बंदराचा, मासळीचा. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे इथे आहेत. मृग नक्षत्र लागण्याआधी एखाद्या शीतगृहाशी बोलून ठेवणे, दुर्मीळ ग्रंथ वरच्या मजल्यावर हलवणे, विमा उतरवणे, तालिकेची प्रत दुसऱ्या गावी ठेवणे, ही सगळी व्यवस्थापकाची कामे. त्यांना फार पैसा लागत नाही, शिकलेला माणूस लागतो.

तीच गोष्ट डिजिटल प्रतींची. जुना ग्रंथ स्कॅन करण्याआधी स्वामित्वहक्क कुणाचा हे पाहावे लागते, आणि आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कोहा, ई-ग्रंथालय, सोल यांतली कुठली संगणक प्रणाली आपल्याला झेपेल, हेही ठरवावे लागते. आणि ग्रंथालय आता केवळ कादंबऱ्यांचे कपाट राहिलेले नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते वापरण्यासाठी नोंदणी कशी करायची, हे विचारायला येणाऱ्या बागायतदाराला खात्रीची माहिती देणे हेही ग्रंथालयाचेच काम.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली विद्यापीठांकडे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे किमान एक सत्र जिल्ह्यातल्या चालत्या ग्रंथालयात घ्या. विद्यार्थ्याने तिथले अंदाजपत्रक मांडावे, अनुदानाचा प्रस्ताव लिहावा, साठापडताळणी करावी, आपत्तीचा आराखडा करून द्यावा आणि गुण या कामाला मिळावेत. दुसरी शासनाकडे. आज काम करणाऱ्या ग्रंथपालांना पगार न बुडवता शिकता यावे, अशी सोय करा आणि शिकून आलेल्याला त्याच्या शिक्षणाला साजेसे वेतन द्या. वेतनाशिवाय शिक्षणाची भाषा पोकळ आहे. तिसरी संस्थांच्या कार्यकारी मंडळांकडे. ग्रंथपालाला निर्णयांत स्थान द्या. पुस्तकखरेदी, वर्गणी आणि इमारत यांविषयी त्याचे मत आधी घ्या.

२०२८ साली रत्नागिरीच्या वाचनालयाला दोनशे वर्षे पूर्ण होतील. समारंभ होतील, स्मरणिका निघतील, ते योग्यच आहे. पण त्या वर्षी या जिल्ह्यातल्या ग्रंथालयांत काम करून शिकलेल्या व्यवस्थापकांची पहिली तुकडी बाहेर पडली, तर तो द्विशताब्दीचा खरा सन्मान ठरेल. वाचकहो, तुम्ही ज्या ग्रंथालयाचे सभासद आहात, त्याच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जा आणि हा विषय मांडा. ज्यांच्या वर्गणीवर ग्रंथालय उभे आहे, त्यांनी मागितल्याशिवाय हे घडणार नाही.