डिस्चार्जनंतरचे सात दिवस

मानसिक आजारासाठी दाखल केलेल्या माणसाला अमेरिकेतले रुग्णालय घरी सोडते, तेव्हा त्याच्या हातात थोड्या दिवसांच्या गोळ्या, छापील सूचनांचा गठ्ठा आणि पुढच्या भेटीची तारीख असते. गोळ्या संपल्यावर काय करायचे हे त्याला नीट ठाऊक नसते, सूचना घरात कोणी वाचत नाही आणि भेटीच्या दिवशी न्यायला गाडी नसते. आत्महत्येचा धोका डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणूनच इथल्या आरोग्य विमा योजनांचा दर्जा तपासताना एक प्रश्न हमखास असतो: रुग्ण सात दिवसांत उपचारांसाठी कोणाला भेटला का? नाही तर निदान तीस दिवसांत?

त्या सात दिवसांत घरी फोन करण्याचे काम केअर कोऑर्डिनेटरचे. ही व्यक्ती डॉक्टर नसते आणि गोळी बदलण्याचा अधिकार तिला नसतो. तिचा दिवस जातो फोनवर, आणि त्यातला बराचसा ‘होल्ड’वर. महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनला विमा कंपनीची पूर्वपरवानगी मिळाली का, ते फार्मसीत येऊन पडले का, मेडिकेड या सरकारी विम्याने ठरवून दिलेली गाडी निघाली का, घरमालकाची नोटीस आली असेल तर भाड्याच्या मदतीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकलाय, फूड स्टॅम्पचे नूतनीकरण झाले का... यातले एकही काम वैद्यकाच्या पुस्तकात सापडणार नाही. यातले एक राहिले तरी उपचार मात्र थांबू शकतात.

ओलान्झापिनचे उदाहरण घ्या. शिझोफ्रेनिया आणि बायपोलर या दोन्ही आजारांत दिले जाणारे हे औषध अनेकांना चांगले लागू पडते. त्याने वजन आणि रक्तातली साखरही वाढू शकते. आपल्याकडच्या माणसाला मधुमेहाचा धोका मुळातच जास्त. औषध लिहिणारा सायकियाट्रिस्ट एका इमारतीत, साखर पाहणारा फॅमिली डॉक्टर दुसऱ्या, आणि एकाची नोंद दुसऱ्यापर्यंत आपोआप पोहोचेल याची खात्री नाही. अमेरिकेतल्या राज्यांच्या मानसिक आरोग्य संचालकांच्या संघटनेने २००६ मध्ये एक अहवाल काढला होता. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा सरासरी २५ वर्षे आधी दगावतात, असे त्यात म्हटले होते. त्यातले बरेचसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार अशा नेहमीच्याच दुखण्यांचे. ‘नवे औषध सुरू झालंय, रक्त कधी तपासताय?’ एवढे विचारणारा एक फोन या आकड्यासमोर किरकोळ वाटेल, पण तो करायला कोणीतरी नेमलेले असावे लागते.

कोऑर्डिनेटरचे हे पद अवतरले ते एका अर्धवट राहिलेल्या वचनामुळे. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसे होती. क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे आली आणि या माणसांना कोंडून ठेवण्याची गरज नाही असे दिसू लागले. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य कायद्यावर सही केली. पुढे सुमारे तीन आठवड्यांत त्यांची हत्या झाली. देशभर १,५०० केंद्रे उभारायची होती. उभी राहिली त्यांच्या निम्मी. रुग्णालये ओस पडत गेली, आणि बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला फुटपाथ, निवारागृहे आणि तुरुंग आले.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला मात्र काही लोकांनी उलट बाजूने विचार केला. लिओनार्ड स्टाइन, मेरी अ‍ॅन टेस्ट आणि अरनॉल्ड मार्क्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मेंडोटा रुग्णालयातले कर्मचारीच वॉर्डाबाहेर काढले आणि रुग्णांच्या घरी पाठवले. वाणसामान आणणे, कपडे धुणे, बस पकडणे हे सगळे रुग्ण जिथे राहतो तिथेच शिकवायचे. आज जगभर चालणाऱ्या ‘असर्टिव्ह कम्युनिटी ट्रीटमेंट’ची सुरुवात ही.

अलीकडचा टप्पा २०१४ च्या कायद्याचा. त्यातून ‘सर्टिफाइड कम्युनिटी बिहेवियरल हेल्थ क्लिनिक’ नावाची केंद्रे निघाली. २०१७ मध्ये न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया यांच्यासह आठ राज्यांत प्रयोग सुरू झाला आणि आता अशी ५०० हून अधिक केंद्रे आहेत. या केंद्रांवर समन्वयाची सक्तीच आहे. रुग्ण इस्पितळातून सुटल्यावर २४ तासांत संपर्काचा प्रयत्न करायचा आणि त्याची नोंद ठेवायची. नव्या माणसाची तपासणी साधारण दहा कामकाजी दिवसांत करायची, तातडी असेल तर एका दिवसात. पैसे नाहीत किंवा पत्ता दुसऱ्या गावचा आहे, म्हणून कोणाला परत पाठवायचे नाही. हा शेवटचा नियम मराठी घरांनी मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना सहसा पहिली पाच वर्षे मेडिकेड मिळत नाही, आणि इथे नोकरी न केलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला मेडिकेअर विकत घ्यायलाही पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. त्या पाच वर्षांत आजीला नैराश्य आले तर ‘विमा नाही, भारतात गेल्यावर दाखवू’ असे घरोघरी ठरते. दाखवायला इथेही जागा आहे. फी उत्पन्नानुसार कमी होते.

कोऑर्डिनेटरच्या कामाचे डोंगर कागदाचेच असतात, आणि ते वाढणार आहेत. करोनाकाळातली सवलत संपल्यावर, एप्रिल २०२३ पासून, २ कोटी ५० लाखांहून अधिक लोकांची नावे मेडिकेडमधून निघाली. त्यातली बहुतेक निघाली ती अपात्र ठरल्याने नव्हे, तर पत्र जुन्या पत्त्यावर गेले, फॉर्म परत आला नाही असल्या कारणांनी. जुलै २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने मेडिकेडच्या विस्तारित गटातल्या प्रौढांची पात्रता २०२६ नंतर वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासली जाणार आहे. शिवाय महिन्याला ८० तास काम केल्याचा किंवा सूट असल्याचा पुरावा. गंभीर मानसिक आजाराला सूट आहे. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याने आपण आजारी असल्याचा कागद वेळेवर पाठवायचा आहे! पगार बेताचा, नावांची यादी लांबलचक. या नोकरीत माणसे टिकत नाहीत याचे नवल वाटू नये.

वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांना नेमून हे काम होते का, असा प्रश्न पडणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तिथे ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. १२ सरकारी आरोग्य केंद्रे, १२ खासगी दवाखाने. वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिने शिकवून समुपदेशक नेमले: रुग्णाला आजार समजावायचा, औषधांची आठवण करायची, आला नाही तर मागोवा घ्यायचा. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पटेल आज हार्वर्डमध्ये आहेत आणि गोव्यात शिकलेले अमेरिकेला शिकवत आहेत.

परदेशातल्या मराठी मंडळींचा या क्षेत्राशी संबंध जुना आणि जवळचा आहे. कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी शिझोफ्रेनिया स्वतःच्या घरात पाहिला होता. त्यांनी तो लपवला नाही. कॅनडात रुग्णांच्या नातेवाइकांना मिळणारा आधार त्यांनी पाहिला आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली.

लपवण्याची सवय इथे आणखी एका जागी नडते. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या लेखी संमतीवाचून त्याच्या उपचारांची माहिती आईवडिलांना सहसा मिळत नाही; व्यसनमुक्तीच्या नोंदींना तर केंद्र सरकारचा वेगळा, जास्त कडक नियम आहे. ऑगस्टमध्ये वसतिगृहात सोडताना प्रेशर कुकरपासून पांघरुणापर्यंत सगळे जाते, संमतीच्या फॉर्मचा विषय कोणी काढत नाही. तरीही संमती नसताना पालकांना एक गोष्ट करता येते: कोऑर्डिनेटर त्यांना काही सांगू शकत नाही, पण त्यांचे ऐकून घ्यायला तिला बंदी नाही. ‘तो चार रात्री झोपलेला नाही, गोळ्या बंद केल्यात’ एवढे सांगून ठेवले तरी ते डॉक्टरपर्यंत पोहोचते.

आणि आजी डॉक्टरांसमोर बसलेली असताना सुनेने दुभाषी व्हायचे, ही प्रथाही सोडावी. सुनेदेखत सासू काय बोलणार? सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने विनामूल्य दुभाष्या द्यावा असा नियम आहे, आणि मराठी दुभाष्या फोनवर मिळू शकतो. ९८८ या जुलै २०२२ पासून चालू असलेल्या संकटकालीन क्रमांकावरही दुभाष्याची सोय आहे. फोन उचलला गेला की ‘मराठी’ एवढे इंग्रजीतून सांगावे लागते.

टाटा समाजविज्ञान संस्था, निर्मला निकेतन किंवा कर्वे संस्थेतून एमएसडब्ल्यू करून लग्नानंतर इकडे आलेल्या अनेकींना इथल्या परवान्याच्या वाटेचा धसका असतो. पदवीचे मूल्यांकन, देखरेखीखाली कामाचे तास, परीक्षा. कोऑर्डिनेटरच्या जागेला बहुतेक ठिकाणी हा परवाना लागत नाही. पदवी आणि काम करण्याची परवानगी पुरते, आणि काही एच-४ व्हिसाधारक जोडीदारांना ती २०१५ पासून मिळू शकते. मराठी, हिंदी, गुजराती येणारी कोऑर्डिनेटर दवाखान्यात असली, की आजीसाठी दुभाष्याचा फोन लावावा लागत नाही.