चित्रकलेचा तास कोणाच्या खर्चाने?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला ही आठवड्यातील एखाद्या तासिकेपुरती न ठेवता गणित, विज्ञान, भाषा, इतिहास, भूगोल अशा सर्वच विषयांच्या अध्यापनात गुंफावी, असे सांगितले आहे. त्याच वर्षी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांतील पहिली ते दहावीच्या वर्गांना कलेशी जोडलेला प्रकल्प बंधनकारक केला. राज्याराज्यांचे अभ्यासक्रमही आता याच वाटेने निघाले आहेत. तत्त्व म्हणून या विचाराला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे काही कारण नाही. हात आणि डोके यांची फारकत हा वर्गसमाजाचा जुना रोग आहे, आणि ती फारकत शाळेत कमी होणार असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो शिकवणार कोण, साहित्य कोण पुरवणार आणि मुलांनी नेमके पाहायचे काय, हा. या तिन्ही प्रश्नांवर धोरणकर्ते मौन पाळून आहेत.

पहिला प्रश्न शिक्षकाचा. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा प्रगतिशील म्हणून गौरविला गेला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना नियमित शिक्षक सांगितले आहेत. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना मात्र ‘अंशकालीन निदेशक’ पुरेसा मानला आहे, आणि तोही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. ज्या शाळेत नव्वद मुले आहेत, तेथील मुलांना कलेची गरज नाही, असा याचा सरळ अर्थ होतो. महाराष्ट्रात पुढे ‘अतिथी निदेशक’ हा शब्दही रूढ झाला. अतिथी म्हणजे ज्याचे घर नाही तो. संचमान्यतेच्या तक्त्यात ज्याला कायमची जागा नाही, मानधन तासावर मोजले जाते आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्या माणसाने गणिताच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांबरोबर बसून वर्षभराचे अध्यापन आखावे, अशी अपेक्षा धरणे म्हणजे निव्वळ दांभिकता होय. एका हाताने कलेला सर्व विषयांच्या केंद्रस्थानी बसवायचे आणि दुसऱ्या हाताने कलाशिक्षकाचे पद पुसून टाकायचे, असा हा व्यवहार आहे.

शिक्षक नसला की उरतो तो ‘प्रकल्प’. शाळा वहीत एक ओळ लिहून देते. बाकीचे काम घराने करायचे. घर म्हणजे बहुतेक वेळा आई. ती संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमधून उतरते, स्वयंपाक उरकते आणि रात्री दहा वाजता कार्डशीट, चकाकी कागद आणि रंगीत छायाप्रती यांच्या शोधात स्टेशनरीच्या दुकानात उभी राहते. काही दुकानांत तयार प्रकल्पच मिळतो. ज्याच्या घरी पैसा, जागा आणि शिकलेला माणूस आहे त्याचा प्रकल्प देखणा होतो. चाळीतल्या मुलाचा ओबडधोबड राहतो. गुण मात्र कलेच्या नावाने पडतात. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर सार्वजनिक शिक्षणाचा खर्च कुटुंबावर ढकलण्याची ही आणखी एक रीत आहे, आणि तिचा भार उत्पन्नाच्या उलट प्रमाणात पडतो.

कोपरची शाळा आणि कोपरचे जग

यावर उपाय म्हणून कलेलाच शाळेबाहेर काढा, असे कोणी म्हणेल. ते चूक ठरेल. खऱ्या अर्थाने कला विषयात उतरली तर काय घडू शकते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. डोंबिवली आणि दिवा यांच्या मधले कोपर हे स्टेशन घ्या. खालून मुंबई-कल्याण मार्ग जातो, वरून दिवा-वसई मार्ग त्याला छेदतो. एकाच स्थानकाला खालचे आणि वरचे असे दोन मजले आहेत. आठवीच्या मुलांना समोरून, बाजूने आणि वरून दिसणारे असे या छेदाचे तीन आराखडे काढायला लावले, तर कर्तव्यभूमिती पुस्तकातून उठून त्यांच्या रोजच्या पायवाटेवर येईल. कोपरचा उड्डाणपूल २०१९ साली धोकादायक ठरून बंद झाला आणि नव्याने बांधून २०२१ साली खुला झाला. त्या दोन वर्षांत पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याचे रस्ते कसे बदलले, किती लांबले, कोणाला पायपीट करावी लागली, याचा प्रमाणबद्ध नकाशा काढताना भूगोल, अंकगणित आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय एका कागदावर येतात.

पश्चिमेस उल्हासची खाडी आहे. हीच नदी वरच्या अंगाला कल्याण-डोंबिवलीची तहान भागवते आणि कोपरच्या परिसरात येईतो भरतीच्या पाण्याने खारी होते. तिवरांची मुळे चिखलातून वर का डोकावतात, हे पाठ करून कळत नाही. ती मुळे पाहून रेखाटताना कळते, कारण रेखाटणाऱ्याला प्रत्येक मुळाची दिशा पाहावी लागते. २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी आपल्या वस्तीत कोठवर चढले होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांनी गल्लीचा उभा छेद काढला, तर जमिनीचा उतार, भराव, बुजवलेले नाले आणि त्यावर उभ्या राहिलेल्या इमारती हे सारे आपोआप त्या चित्रात येईल.

रंगांचे म्हणाल, तर डोंबिवलीइतकी दारुण रंगपेटी दुसऱ्या गावाला क्वचितच मिळाली असेल. २०१४ च्या जानेवारीत येथे हिरवा पाऊस पडल्याची बातमी राज्यभर गाजली. २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला. हळदीने रंगवलेला कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो, हा प्रयोग प्रत्येक विज्ञानशिक्षकाला माहीत आहे. त्या कागदापासून त्या रस्त्यापर्यंतचे अंतर वर्गात ओलांडले गेले, तर रंग हा रसायनशास्त्राचा आणि कामगार-वस्तीच्या आरोग्याचा पुरावा आहे, हे मुलांना उमगेल. धोरणाने कलेचे प्रयोजन सांगताना आनंददायी वर्ग आणि भारतीय संस्कार यांवर भर दिला आहे. आनंद हवाच, पण ज्या मुलाच्या गल्लीतला नाला दर आठवड्याला रंग बदलतो, त्याने वहीत फक्त कमळ आणि मोर का काढावेत?

हात आणि डोके

ही फारकत आली कोठून? महाराष्ट्रातील चित्रकलेच्या औपचारिक शिक्षणाची मुळे वासाहतिक काळात आहेत. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, ती कारागीर आणि उद्योग डोळ्यांसमोर ठेवून. पुढे शाळाशाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा रुजल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, कर्तव्यभूमिती हे त्यांचे विषय पिढ्यान्‌पिढ्यांना ठाऊक आहेत. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांच्या हाताला वळण दिले, हे ऋण नाकारता येणार नाही. परंतु चित्र हे परीक्षेचे स्वतंत्र दालन झाले आणि इतर विषयांशी त्याचा संबंध तुटला. आज या परीक्षांच्या श्रेणीवर शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर चित्रकला ही गुणांच्या बाजारातली एक वस्तू बनली आहे.

या प्रवाहाविरुद्ध पोहणारी माणसे याच भूमीत होऊन गेली. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला. हस्तोद्योगाच्या द्वारे सर्व विषय शिकवावेत, हे त्याचे सूत्र होते. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला आले आणि कला हीच शिक्षणाची बैठक आहे, हा विचार त्यांनी तेथील मुलांबरोबर काम करून मांडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत कोसबाड आणि कोपर एकाच ठाणे जिल्ह्यात होती. बिया, पाने, माती, शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंना त्यांनी शिक्षणाचे साधन केले; गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. तेथे साहित्याचे बिल पालकाला गेले नाही. आजच्या प्रकल्पवाल्यांनी एवढे एक तरी शिकावे.

त्याच डोंगरपट्ट्यातील वारली चित्रे आज शाळेच्या प्रत्येक भिंतीवर आणि भेटकार्डावर आहेत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची ही कला १९७० नंतरच्या दशकांत जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर पोचली. मुले तारपा नाच हुबेहूब उतरवतात. पण तो नाच नाचणारे पाय सावकार-जमीनदारांच्या वेठीला जुंपले होते आणि १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठबिगारी झुगारली, हे त्या मुलांना कोण सांगतो? चित्र आणि इतिहास यांची खरी सांगड घालायची, तर ती येथे घातली पाहिजे. नाहीतर आदिवासींची रेषा शाळेत येते आणि आदिवासी बाहेर राहतो.

मोजलेले दाखवणे

समाजवादी चळवळीला हा विचार परका नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना नगरपालिका समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या हाती होती. तेथे ऑटो नॉयराथ या अर्थशास्त्रज्ञाने १९२५ साली समाज आणि अर्थव्यवहार यांचे संग्रहालय सुरू केले. घरबांधणी, बालमृत्यू, बेकारी, उत्पादन यांची आकडेवारी अल्पशिक्षित कामगारालाही वाचता यावी म्हणून त्याने चित्रांची भाषा घडवली. तिचा नियम साधा होता : संख्या वाढली की चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह अधिक वेळा मांडायचे. १९३४ साली तेथील समाजवाद्यांचा बीमोड झाला आणि नॉयराथला देश सोडावा लागला. त्याची पद्धत मात्र जगभर पसरली.

हा नियम कोपरच्या सातवीच्या वर्गाला उद्या वापरता येईल. आपल्या घरी माणशी किती हंडे पाणी येते, हे प्रत्येक मुलाने आठवडाभर नोंदवावे आणि एका लांब कागदावर हंड्यांची ओळ काढावी. एक ओळ चाळीची, एक संकुलाची, एक खाडीकाठच्या झोपडीची. गणिताच्या पुस्तकातील सरासरी काढली की तफावत नाहीशी होते. हंड्यांच्या ओळी शेजारी शेजारी मांडल्या की ती लपवता येत नाही. वाटपाचा प्रश्न हा अर्थशास्त्राचा गाभा आहे, आणि तो बारा वर्षांच्या मुलाला रंगीत खडूने कळू शकतो. या वर्गाला लागतो तो कागद, खडू आणि हे करण्याची मोकळीक असलेला शिक्षक.

दोन आक्षेपांचा विचार येथे केला पाहिजे. पहिला असा की, ज्या मुलांना धड वाचता येत नाही त्यांच्यापुढे चित्रकलेची चैन कशाला? पण नीट पाहणे, मोजणे, पाहिलेले शब्दांत मांडणे याच वाटेने वाचन पक्के होते. ज्या मुलाने स्वतः नकाशा काढला आहे त्याला त्यावरची नावे लिहावीशी वाटतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो दलित-बहुजनांच्या अनुभवातून आला आहे : हाताच्या कामाच्या गौरवाखाली कारागिराच्या मुलाला पुन्हा त्याच कामाला जुंपले जाणार नाही ना? ही भीती अनाठायी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी ग्रामीण मुलांसाठी लेखन-वाचन आणि हिशेबाबरोबर इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीचे ज्ञानही मागितले होते. एकाच्या बदल्यात दुसरे त्यांनी मागितले नाही. कला विषयात आणायची ती गणित, विज्ञान आणि इंग्रजी अधिक पक्के करण्यासाठी. त्यांची जागा घेण्यासाठी ती आली तर तिला विरोधच करावा लागेल.

म्हणून पक्षाने या प्रश्नावर स्पष्ट मागण्या मांडाव्यात. पटसंख्येची अट न घालता प्रत्येक उच्च प्राथमिक शाळेला किंवा जवळच्या शाळांच्या गटाला पूर्णवेळ, कायम कलाशिक्षक मिळावा. कलेचे सर्व साहित्य शाळेने पुरवावे आणि विकत आणावयाचे घरगुती प्रकल्प बंद करावेत. मूल्यमापन वर्गात झालेल्या कामाचे व्हावे, आणि विषयांची निवड शाळेच्या परिसरातून व्हावी.

या मागण्यांसाठी केवळ मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी, पालिका आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समित्या आणल्या आहेत. त्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेच्या अनुदानाचा विनियोग पाहण्याचा अधिकार या समितीला आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे, कारण तेथे बसणाऱ्या कष्टकरी आईला तिचा अधिकार कोणी समजावून सांगितलेला नाही. कोपर-डोंबिवलीतील कार्यकर्त्यांनी या जून महिन्यात आपापल्या वस्तीतील शाळेची समिती गाठावी आणि दोनच प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत : आपल्या शाळेत कलाशिक्षक कोण आहे, आणि गेल्या वर्षीच्या प्रकल्पांसाठी पालकांनी किती पैसे खर्चले? या दोन उत्तरांची बेरीज केली, की शासनाच्या कलाप्रेमाचा ताळेबंद हाती येईल.